स्वस्त पिस्तुलाचा बचाव कितपत टिकतो?

अमेरिकेतल्या बंदुकीच्या दुकानात हाय-पॉइंट कंपनीचं नवंकोरं सी-9 पिस्तूल दोनशे डॉलरच्या आसपास मिळतं. त्याच काउंटरवरच्या ग्लॉक 19 ला पाचशेच्या वर मोजावे लागतात. गोळी दोघांतही नऊ मिलिमीटरचीच लागते. मग अडीचपट पैसे कशासाठी द्यायचे, असं गिऱ्हाईक विचारतं आणि त्यात वावगं काही नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांनाही हा प्रश्न परका नाही. (एच-1बी व्हिसावर असलेल्यांना मात्र शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद वगळता तिथे बंदूक विकत घेता येत नाही.) स्वस्त पिस्तुलाची बाजू घेणारे जी कारणं देतात, ती एकेक करून तपासायला हवीत.

पहिलं कारण सर्वांत वजनदार आहे. स्वसंरक्षणाची गरज श्रीमंतांपेक्षा गरिबांना जास्त असते. धोक्याच्या वस्तीत तेच राहतात आणि पोलीसही तिथेच उशिरा पोहोचतात. त्यांच्या ऐपतीतलं हत्यार वाईट ठरवायचं, म्हणजे त्यांचा हक्कच काढून घ्यायचा. या म्हणण्याला इतिहासाचा आधार आहे. टेनेसी राज्याने 1879 मध्ये लष्करी धाटणीची पिस्तुलं सोडून बाकीच्यांच्या विक्रीवर बंदी घातली. मोकळी राहिलेली पिस्तुलं महाग होती आणि नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांना ती परवडणारी नव्हती. तो अन्याय होता, हे मान्यच करायला हवं.

पण हक्क मान्य केला म्हणून हाती पडलेला माल चांगला ठरत नाही. 1968 च्या बंदूक नियंत्रण कायद्याने स्वस्त परदेशी पिस्तुलांची आयात रोखली. देशात तयार होणाऱ्या मालाला मात्र ते निकष लावले नाहीत. त्या फटीतून 1970 नंतर लॉस एंजेलिसच्या परिसरात रेव्हन, जेनिंग्ज, ब्रायको, लॉर्सिन अशा कंपन्या उभ्या राहिल्या. जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भाग वापरून त्यांनी शंभर डॉलरच्या आतली पिस्तुलं लाखोंनी विकली. गरिबाच्या हक्काच्या नावाखाली गरिबाला काय मिळालं, ते ब्रायकोच्या एका खटल्यात दिसतं.

ब्रायकोच्या पिस्तुलाची रचना अशी होती की ते रिकामं करायचं तर आधी सेफ्टी काढावी लागे. सेफ्टी लावलेली असताना स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढताच येत नसे. चेंबरमधली गोळी काढण्याचा तो क्षण खरं तर सर्वांत काळजीचा. नेमक्या त्याच क्षणी चाप मोकळा असे. 1994 मध्ये कॅलिफोर्नियात एक तरुण असंच पिस्तूल रिकामं करत असताना गोळी सुटली आणि सात वर्षांचा मुलगा मानेखाली कायमचा लुळा झाला. 2003 मध्ये ज्युरीने ब्रायको आणि तिच्याशी संबंधितांवर सुमारे 2 कोटी 40 लाख डॉलरची जबाबदारी टाकली. कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. पुढे तिची मालमत्ता लिलावात निघाली, तेव्हा तिच्याच कारखान्यातल्या माजी फोरमनने ती 5 लाख 10 हजार डॉलरला घेतली आणि जिमेनेझ आर्म्स या नावाने पिस्तुलं पुन्हा बाजारात आली.

यावर दुसरं कारण पुढे येतं: दोष महाग पिस्तुलांतही निघतात. हेही खरं आहे. सिग सॉअरचं पी-320 विशिष्ट कोनात खाली पडलं तर आपोआप उडू शकतं, हे 2017 मध्ये चव्हाट्यावर आलं आणि कंपनीला मोफत दुरुस्ती देऊ करावी लागली. पण याच मॉडेलवर आधारलेलं पिस्तूल त्याच वर्षी अमेरिकन लष्कराने निवडलं होतं, अनेक पोलीस खाती ते वापरत होती. एवढ्या नजरा रोखलेल्या असताना कंपनीला गप्प बसणं शक्य नव्हतं. एकट्यादुकट्या गिऱ्हाइकामागे असं बळ नसतं. ब्राझीलच्या टॉरस कंपनीची काही स्वस्त मॉडेलं खाली पडल्यावर उडतात, अशी तक्रार अमेरिकेत कोर्टात गेली. तडजोडीत सुमारे दहा लाख पिस्तुलं परत घेण्याची वा बदलून देण्याची पाळी कंपनीवर आली. तोवर ती लोकांच्या उशाखाली आणि गाडीच्या कप्प्यांत वर्षानुवर्षं होती.

सरकार मध्ये पडेल, या भरवशावरही राहता येत नाही. 1972 मध्ये ग्राहक-वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी केंद्रीय आयोग नेमला गेला, पण बंदुका त्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या गेल्या. सदोष खेळणं बाजारातून परत मागवण्याचा अधिकार या आयोगाला आहे, सदोष पिस्तूल परत मागवण्याचा नाही.

तिसरं कारण हाय-पॉइंटचे चाहते देतात: आमचं पिस्तूल ओबडधोबड आहे, पण चालतं, आणि कंपनी ते आयुष्यभर फुकट दुरुस्त करून देते. हाय-पॉइंटला ब्रायकोच्या पंगतीत बसवणं अन्यायाचं होईल, हे खरं. त्याची नळी पोलादी आहे आणि दुरुस्तीची हमी पिस्तूल दुसऱ्याला विकलं तरी कायम राहते. पण स्वस्ताईची किंमत त्याच्या रचनेतच मोजलेली आहे. ग्लॉकमध्ये गोळी सुटताना नळी आणि स्लाइड क्षणभर एकमेकांत अडकलेली राहतात. सी-9 मध्ये ही गुंतागुंतीची रचना गाळली आहे. स्फोटाचा धक्का केवळ स्लाइडच्या वजनाने पेलायचा. म्हणून स्लाइड जाडजूड ठेवावी लागते, रिकामं पिस्तूलही आठशे ग्रॅमच्या वर जातं आणि मॅगझिनमध्ये आठच गोळ्या मावतात. ग्लॉक 19 कमी वजनात पंधरा गोळ्या घेतं. शिवाय मध्यरात्री दार फोडलं जात असताना पिस्तूल अडकलं, तर आयुष्यभराची हमी त्या घरातल्या माणसाच्या उपयोगाची नसते.

मग बेताच्या मिळकतीच्या माणसाने करावं काय? पोलिसांनी वापरून बदलीत दिलेली हत्यारं पाहावीत. स्मिथ अँड वेसनच्या मॉडेल 10 जातीची .38 रिव्हॉल्व्हर अमेरिकन पोलिसांनी कित्येक दशकं कमरेला लावली. पुढे अनेक खात्यांनी .40 च्या गोळीकडून नऊ मिलिमीटरकडे मोर्चा वळवला, तेव्हा जुनी ग्लॉक 22 पिस्तुलं बाजारात आली आणि ती साधारण तीनशे डॉलरला मिळतात. म्यानात घासून रंग उडालेला असतो, आतली यंत्रणा बहुधा शाबूत असते. जाणत्या बंदूकदुरुस्तीवाल्याकडून ती तपासून घेता येते. नवंच हवं असेल, तर कॅलिफोर्नियाची चाचणी पार केलेलं मॉडेल निवडावं. तिथे पिस्तूल मीटरभर उंचीवरून काँक्रीटवर टाकून पाहतात आणि 600 गोळ्या झाडतात. सहापेक्षा जास्त वेळा अडखळलं तर ते नापास.

हिशेब इथेही संपत नाही. कुलूपबंद पेटी, प्रशिक्षण आणि आपल्या पिस्तुलावर विश्वास बसेपर्यंत झाडायच्या निदान दोनशे गोळ्या, हे सारं किमतीत धरायला हवं. पेटी तर अजिबात टाळू नये. कॅलिफोर्नियातल्या 2 कोटी 60 लाखांहून अधिक लोकांची नोंद तपासून 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्येचं प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या जवळपास आठपट आणि स्त्रियांत पस्तीसपट आढळलं. म्हणजे हत्यार घरात आल्यावर धोका दारातूनच येईल, असं नाही.

म्हणून ज्याच्या सुरक्षिततेची कसून चाचणी झालेली नाही असं पिस्तूल केवळ स्वस्त म्हणून घेऊ नये. चांगलं जुनं हत्यार, पेटी आणि सराव या तिन्हींचे पैसे जमेपर्यंत थांबावं. तोवर दाराला भक्कम कडी आणि बाहेर दिवा लावण्यावर खर्च करावा.