बॅटरीची वायर आणि दिवसाची कमाई

आपल्या नागपुरात कोणत्याही मोठ्या चौकात उभे राहा, सवारीला हाक देणारी ई-रिक्षा दिसतेच. २०१४ साली केंद्राच्या नियमांत आणि २०१५ साली मोटार वाहन कायद्यात या गाडीला जागा मिळाली. तेव्हापासून आपल्या वस्त्यांतील कितीतरी घरांची चूल या तीन चाकांवर पेटते. गाडी कर्जाची, बॅटऱ्या कर्जाच्या आणि हप्ता मात्र वेळेवर. अशा घरात गाडी दुपारीच बसली की सारा दोष बॅटरीला दिला जातो. पण कित्येकदा चोर दुसराच असतो. दोन बॅटऱ्यांना जोडणारी हातभर लांबीची वायर! तिच्याकडे कोणी पाहतच नाही. म्हणून आज आम्ही तिच्याविषयीच बोलणार आहोत.

साध्या ई-रिक्षात १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकापुढे एक जोडून ४८ व्होल्ट करतात. १००० वॅटची मोटर साधारण २१ अँपिअर वीज ओढते. भरल्या सवाऱ्यांनी गाडी उचलताना किंवा पुलाचा चढ चढताना ती दुप्पट, कधी त्याहूनही जास्त ओढते. ही सगळी वीज प्रत्येक वायरीतून आणि प्रत्येक जोडातून जाते. एखादा जोड ढिला असला आणि त्यातून ५० अँपिअर वीज गेली, तर तिथे सहज २५ वॅट उष्णता होऊ शकते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातली झाळकामाची कांडी तेवढ्याच वॅटची असते. ती कांडी बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर टेकवून ठेवली तर काय होईल, हे सांगायला नको. त्यात मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. वायरीचे आवरण मऊ होते, खुंटी वितळते आणि शेवटी आग लागते. ई-रिक्षा रात्री घराच्या ओसरीत चार्जिंगला लागते आणि पलीकडे मुलेबाळे झोपलेली असतात, हे विसरू नये.

मग वायर कशी असावी? ती शुद्ध तांब्याची, बारीक तारांची, लवचिक आणि निदान १६ चौरस मिलिमीटरची असावी. दुकानात तिला १६ एमएम म्हणतात. स्वस्त वायरीत पुष्कळदा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. तेवढ्याच जाडीत ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा दीडपटीहून जास्त अडथळा करते. एक तार ब्लेडने खरवडून पाहा. आतून पांढरी निघाली तर वायर परत करा. इतवारीत किंवा सीताबर्डीवर घेताना असे पाहायला लाजू नये, पैसे आपले आहेत. ट्रक आणि टेम्पोच्या स्टार्टरला शेकडो अँपिअर लागतात, म्हणून तिथे याहून पुष्कळ जाड वायर लागते.

आता बनवण्याची रीत. आधी लांबी मोजा. गाडी हादरते, म्हणून थोडी सैल ठेवा. छन्नी-हातोडीने न तोडता केबल कापायच्या कातरीने कापा. आवरण सोलताना आतली एकही तार तुटू देऊ नका. टोकाला थिंबल वायरीच्या मापाचेच घ्या. मोठ्या वायरीच्या तारा छाटून लहान थिंबलात कोंबणे म्हणजे जाड वायरीचे पैसे वाया घालवणे. थिंबल पूर्ण आत बसवून हायड्रॉलिक पंचिंगच्या अवजाराने दाबा. हातोडीने ठोकलेले थिंबल वरून घट्ट दिसते, पण आत पोकळी राहते. दाबल्यावर जोराने ओढून पाहा आणि मग जोडावर गरम करून आवळणारी स्लीव्ह चढवा.

बसवताना घाई करू नका. किल्ली आणि मेन स्विच बंद करा, अंगठी व घड्याळ उतरवा, पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. जुनी जोडणी मोबाईलने फोटो काढून ठेवा. शेवटच्या बॅटरीची मुख्य ऋण वायर आधी काढायची आणि सगळ्यांत शेवटी लावायची. खुंटी खरवडून चकचकीत करा. थिंबल थेट शिशावर टेकले पाहिजे, वॉशर त्याच्या वर येतो. घट्ट आवळल्यावर व्हॅसलीनचा हात फिरवा. मुख्य वायरीवर बॅटरीजवळ फ्यूज असलाच पाहिजे. ॲसिडच्या बॅटऱ्यांतून चार्जिंगच्या वेळी पेट घेणारा वायू निघतो, म्हणून बिडी, दिवा, अगरबत्ती जवळ नको आणि हवा खेळती हवी. लिथियम बॅटरीचा बंद डबा मात्र घरी कधीच उघडू नये.

काम बरोबर झाले की नाही, याची परीक्षा सोपी आहे. एक फेरी मारून गाडी बंद करा आणि प्रत्येक जोडाजवळ हाताची पाठ न्या. एखादा जोड इतरांपेक्षा जास्त गरम लागला तर तोच दोषी. दर पंधरा दिवसांनी असे पाहावे. हे काम घरातली बाई, कॉलेजात जाणारी मुलगीही करू शकते. आयटीआयला इलेक्ट्रिशियन शिकणारा मुलगा घरात असेल तर त्याच्या शिक्षणाचा पहिला उपयोग आपल्याच गाडीला होऊ द्या.

पंचिंगचे चांगले अवजार एकट्याला महाग पडते. पण एका स्टँडवरच्या दहा जणांनी किंवा वस्तीतल्या बचत गटाने मिळून एक घेतले तर कोणावरच भार पडत नाही आणि ते वर्षानुवर्षे चालते. वर्गणी काढून आपण पुष्कळ गोष्टी करतो. एक वर्गणी या अवजारासाठीही निघावी. ज्या गाडीवर घर चालते, तिच्या जोडाजोडाची खातरी आपणच करून घेतली पाहिजे.