एका दिवसाचे लंडन

मराठी प्रवासवर्णनात एक दिवस ठरलेला असतो. लेखक लंडनला स्नेह्याकडे उतरतो. स्नेही रजा टाकतो. सकाळी ब्रिटिश म्युझियम, दुपारी फिश अँड चिप्स, तिसऱ्या प्रहरी साउथ केन्सिंग्टनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम आणि रात्री ब्रिक लेनवर ‘तिथले’ जेवण. दालने भव्य असतात, शिस्त नजरेत भरते, मासा कुरकुरीत पण अळणी निघतो आणि झोपताना घरच्या आमटीभाताची आठवण येते. लेखक बदलला, साल बदलले, तरी हा दिवस बदलत नाही. त्याला वाङ्मय म्हणण्याची सवय मराठी समीक्षेने आता मोडली पाहिजे.

आक्षेप प्रवासावर वा त्यातील आनंदावर नाही. तो या वर्णनामागील विभागणीवर आहे. संग्रहालय बुद्धीसाठी, जेवण जिभेसाठी आणि स्नेही सोयीसाठी, अशी तीन खणांची मांडणी करून लेखक मोकळा होतो. लंडनसारख्या शहरात मात्र हे तिन्ही खण एकाच इतिहासाने भरलेले आहेत.

ब्रिटिश म्युझियमची स्थापना १७५३ मध्ये झाली ती हान्स स्लोन या वैद्याच्या संग्रहातून. १७५९ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. स्लोन १६८७ मध्ये जमैकाला गेला होता. पुढे त्याच्याकडे जो पैसा आला, त्याचा एक भाग पत्नीच्या वाट्याला आलेल्या जमैकातील उसाच्या मळ्यांचा होता आणि ते मळे गुलामांच्या श्रमावर चालत. २०२० मध्ये संग्रहालयाने स्लोनचा अर्धपुतळा चौथऱ्यावरून हलवून काचपेटीत ठेवला आणि गुलामगिरीशी असलेला त्याचा संबंध तेथे नोंदवला. आपला प्रवासी या दालनातून बाहेर पडून उपाहारगृहात गोड चहा घेतो. इंग्रजांच्या कपात साखर आली ती अशाच मळ्यांतून. चहा आधी चीनमधून आला आणि मग आसाममधून, ज्याची पहिली खेप १८३९ मध्ये लंडनमध्ये लिलावात विकली गेली. काचपेटी आणि कप यांच्यामध्ये शंभर पावलांचेही अंतर नसते. प्रवासवर्णनात मात्र त्या दोहोंची गाठ कधी पडत नाही.

त्याच इमारतीत अमरावतीची शिल्पे आहेत. ही अमरावती विदर्भातील नव्हे, आंध्रातील कृष्णाकाठची. वॉल्टर एलियट या मद्रास इलाख्यातील अधिकाऱ्याने १८४५ मध्ये तेथील स्तूपाचे उत्खनन केले आणि पुढे ते पाषाण जहाजाने लंडनला गेले. याच स्तूपाची इतर शिल्पे चेन्नईत एग्मोरच्या सरकारी संग्रहालयात आहेत. त्या संग्रहालयाच्या पायऱ्या कधीही न चढलेला मराठी लेखक लंडनमध्ये भारतीय शिल्पकलेने भारावतो, तेव्हा त्याच्या भारावण्यात शिल्पाचा वाटा किती आणि स्थळाचा किती, हे विचारणे वाचकाचे कर्तव्य ठरते.

भारावण्याला पर्याय म्हणून अलीकडे संतापाची रीत रूढ झाली आहे. ‘आमचे सारे लुटून नेले’ हे वाक्य लिहिले की लेखकाला आपण इतिहास लिहिला असे वाटते. टिपूचा लाकडी वाघ १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांच्या हाती लागला. तेथे लूट हा शब्द नेमका आहे. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधील वाघनखांचे प्रकरण मात्र इतके सरळ नाही. २०२४ च्या जुलैमध्ये ती तीन वर्षांच्या मुदतीने साताऱ्याला आली. तिच्या पेटीवरील लेखानुसार ती शिवाजी महाराजांची असून साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याला भेट मिळाली होती. अफझलखानाच्या वधाच्या वेळची वाघनखे हीच, याची खातरजमा करता येत नाही, असे संग्रहालय स्वतःच सांगते. ग्रँट डफ हा १८२६ मध्ये मराठ्यांचा तीन खंडांतील इतिहास प्रसिद्ध करणारा इतिहासकार. मराठ्यांचा इतिहास ज्याने इंग्रजीत लिहिला, त्याच्याच हातून ही वस्तू इंग्लंडला जावी, यात केवढा विषय दडला आहे! प्रवासवर्णनकार काचेसमोर हात जोडतो, ऊर भरून येतो आणि परिच्छेद संपतो.

‘तिथल्या’ जेवणाची कथाही अशीच. तळलेला मासा इंग्लंडमध्ये आणला तो स्पेन-पोर्तुगालमधून परागंदा झालेल्या यहुद्यांनी. बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. चिकन टिक्का मसाला हा खरा ब्रिटिश राष्ट्रीय पदार्थ आहे, असे परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक २००१ मध्ये म्हणाले. ब्रिक लेनवर तो ‘भारतीय’ म्हणून वाढणारे बहुतेक जण सिल्हेटकडचे बांगलादेशी. याच रस्त्यावर एक इमारत आहे: १७४३ मध्ये फ्रान्समधून आलेल्या निर्वासित प्रोटेस्टंटांचे चर्च म्हणून ती बांधली गेली, १८९८ मध्ये यहुद्यांचे सिनेगॉग झाली आणि १९७६ मध्ये मशीद. तिच्यासमोर उभे राहून ‘इथले जेवण आपल्याकडच्यासारखे नाही’ एवढीच नोंद करणारा लेखक संग्रहालये पाहूनही पाहणे शिकलेला नाही.

सर्वांत मोठा अन्याय होतो तो यजमानावर. या लेखनात तो तिकिटे काढतो, रस्ता दाखवतो, पिशव्या धरतो आणि शेवटी कृतज्ञतेच्या एका ओळीत विरून जातो. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ मध्ये स्थापन झाले. तेथील मराठी माणसाच्या पिढ्या झाल्या. त्याच्या घरात कोणती भाषा कोणत्या कामासाठी उरली आहे, त्याच्या मुलाला वाघनखांसमोर काय वाटते, पाहुणा नसताना तो या संग्रहालयांत जातो का, या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही दालनात मिळत नाहीत. ती देऊ शकणारा माणूस दिवसभर शेजारी चालत असतो, आणि लेखक त्याला फक्त पुढच्या गाडीची वेळ विचारतो.

प्रवासवर्णन हे ललित लेखन आहे, प्रबंध नव्हे, असा बचाव केला जाईल. तो टिकणारा नाही. गोडसे भटजी दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि १८५७ च्या वणव्यात सापडले. १९०७ मध्ये छापला गेलेला त्यांचा ‘माझा प्रवास’ प्रबंध नाही, पण पोटाची चिंता आणि इतिहासाची उलथापालथ त्यात एकाच श्वासात येतात. पंडिता रमाबाईंचे अमेरिकेवरील पुस्तक १८८९ मध्ये आले. परक्या देशाची व्यवस्था, तेथील स्त्रियांची स्थिती आणि तेथले दोषही त्यांनी विचारपूर्वक पारखले. दोघांनाही कोणी रंजकतेत उणे ठरवलेले नाही. लालित्याचे नाव पुढे करून कुतूहलाचा आळस झाकण्याची युक्ती नंतरच्यांची आहे.

दालनांची मापे, प्रवेशाच्या वेळा आणि पदार्थांची छायाचित्रे आज कोणाच्याही खिशातील फोनवर मिळतात. माहिती पुरवण्याचे या वाङ्मयप्रकाराचे जुने काम संपले आहे. उरले आहे ते संबंध शोधण्याचे. ग्रंथालयांनी खरेदी करताना आणि अभ्यासमंडळांनी उतारे निवडताना प्रत्येक नव्या पुस्तकाला एवढेच विचारावे: लेखकाने पाहिलेली वस्तू, खाल्लेला घास आणि ज्याच्या घरी तो राहिला तो माणूस या पानांत एकमेकांना कोठे भेटतात? ते कोठेच भेटत नसतील, तर ते पुस्तक स्नेह्याला पाठवायचे आभाराचे पत्र आहे. ते त्याच्या पत्त्यावर पाठवावे. ग्रंथालयाच्या कपाटात त्याला जागा देण्याचे कारण नाही.