कायदा आणि आपले घर : चावी आली, पण नाव चढले का?



शेणवा, किन्हवली, डोळखांब या बाजूला पहाटेची पाळी गाठायची तर एस.टी.च्या भरवशावर राहून चालत नाही. आसनगावला लोकल धरायची असो की मुरबाडच्या एम.आय.डी.सी.त जायचे असो, दारात मोटारसायकल लागते. नवी परवडत नाही, म्हणून जुनी घेतात. बचत गटातून पैसे उचलतात, ओळखीचा कोणी गाडी दाखवतो आणि सौदा होतो. विकणारा म्हणतो, "कागद नंतर देतो." हे 'नंतर' पुष्कळदा उगवतच नाही.

पैसे दिले, स्टॅम्प पेपर लिहिला, नोटरीही केली, तरी आर.टी.ओ.च्या नोंदीत मालक बदलत नाही. तो कागद व्यवहाराचा पुरावा म्हणून उपयोगी पडेल, एवढेच. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचे असते. त्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० आहेत. मुदत टळली तरी नाव चढवता येते, मात्र जादा रक्कम भरावी लागते. तेव्हा उशीर झाला म्हणून गप्प बसू नका.

धोका घेणाऱ्यालाच आहे असे नाही. आपलीच जुनी गाडी आपण कोऱ्या फॉर्मवर सही करून देऊन टाकतो. ती पुढे तिसऱ्या-चौथ्या हातात जाते आणि एखाद्या दिवशी कोणाला तरी उडवते. अशाच एका प्रकरणात, एकामागून एक हात बदललेल्या गाडीबद्दल, सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये निकाल दिला. नोंदणी ज्याच्या नावावर, तोच कायद्याने मालक. भरपाईची जबाबदारी त्याची. अपघातग्रस्ताने एकेका खरेदीदाराच्या मागे फिरत बसावे, हे न्यायालयाला मान्य झाले नाही. म्हणजे ज्याने गाडी वर्षानुवर्षे डोळ्यांनी पाहिली नाही, त्याच्याही घरी नोटीस येऊ शकते. रोजंदारीवर जगणाऱ्या घराला ती रक्कम कुठून झेपणार?

आता कागद अपुरे असतील तर काय करायचे ते पाहू.

आर.सी. बुक हरवले असेल तर दुय्यम प्रत मिळते. पण तिच्यासाठी अर्ज नोंदणीकृत मालकानेच करायचा. आधी पोलिसांत हरवल्याची नोंद, मग फॉर्म २६. म्हणून "आर.सी. हरवली आहे" असे विकणारा म्हणाला, तर आधी त्यालाच ती काढायला लावा. पैसे त्यानंतर द्या.

गाडी कर्जावर घेतलेली असेल तर हप्ते फिटले तरी आर.सी.वर बोजा राहतो. कर्ज देणाऱ्या बँकेचा किंवा कंपनीचा सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ आणून तो उतरवावा लागतो.

परराज्यातली पासिंग असेल तर तिथल्या कार्यालयाचे ना-हरकत पत्र, म्हणजे फॉर्म २८, आधी हवे. ते नसेल तर स्वस्तातली गाडी पुढे महागात पडते.

विकणारा आणि आर.सी.वरचा मालक वेगळे असतील तर मूळ मालक शोधून त्याची सही घ्यावी लागते. तो सापडत नसेल तर तो सौदा सोडून द्यावा. एजंटाने दुसऱ्याची सही ठोकून दिली तर तो गुन्हा आहे, आणि गाडीसकट अडकतो तो घेणारा.

भगिनींनी पुढचे विशेष ध्यानात ठेवावे. घरधनी गेला आणि गाडी त्याच्या नावावर असेल, तर ३० दिवसांत आर.टी.ओ.ला मृत्यूची खबर द्यायची आणि गाडी आपण वापरणार असल्याचे कळवायचे. तसे केले तर तीन महिने ती वापरता येते. त्याच तीन महिन्यांत मृत्यूचा दाखला जोडून फॉर्म ३१ भरायचा. बाकीच्या वारसांची लेखी संमती तयार ठेवावी. दुःखाच्या दिवसांत हे सुचत नाही, म्हणून घरातल्या जाणत्याने पुढे व्हावे. २०२१ च्या नियमबदलाने आर.सी.वर नामनिर्देशन करण्याची सोय झाली आहे. गाडी चालू आहे तोवरच ते नाव घालून घ्या.

विमाही विसरू नका. गाडी नावावर झाली की १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसीवरचे नाव बदलून घ्यायचे असते.

सौदा करण्याआधी एवढे करा. आर.सी.वरचा चासी आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहा. परिवहन खात्याच्या ॲपवर गाडीचा नंबर घालून विमा, फिटनेसची मुदत आणि बोजा बघा. थकलेली ई-चलने विकणाऱ्याकडूनच भरून घ्या. घरात शिकणारी मुलगी किंवा मुलगा असेल तर हे काम त्यांच्यावर सोपवा. आणि थोडी रक्कम हातात राखून ठेवा. नाव चढले की ती द्यायची, असे लिहून घ्या. ओळखीतला माणूस रागावेल, रागावू दे. ज्याचा व्यवहार सरळ आहे तो या अटीला नाही म्हणत नाही.

गाडी विकणाऱ्यांनी कोऱ्या फॉर्मवर सही कधीही देऊ नये. घेणाऱ्याचे नाव, पत्ता आणि तारीख भरूनच सही करावी, भरलेल्या फॉर्मची झेरॉक्स ठेवावी आणि आपण विकल्याचे आर.टी.ओ.ला स्वतः कळवावे. आर.टी.ओ.ची एक खेप आणि एका दिवसाचा रोज बुडेल. पण पुढच्या मोठ्या नुकसानीपुढे हा खर्च काहीच नाही.