विश्लेषण : एकलहरेच्या चिमणीचा कार्बन मोजता येतो, शेतशिवाराचा कसा मोजायचा?

भारताने २०७० पर्यंत ‘नेट झिरो’चे उद्दिष्ट २०२१ मध्ये ग्लासगो परिषदेत जाहीर केले. हवेत सोडलेल्या आणि शोषून घेतलेल्या कार्बनची वजाबाकी शून्यावर आणायची, तर दोन्ही आकडे भरवशाचे हवेत. ते तसे आहेत का?

वीज केंद्राचे उत्सर्जन कसे मोजतात?

महानिर्मितीच्या नाशिकजवळील एकलहरे औष्णिक केंद्रात २१० मेगावॉटचे तीन संच आहेत. जळालेला कोळसा आणि त्यातील कार्बन यांवरून उत्सर्जन काढले जाते. केंद्रीय विद्युत प्राधिकरण देशातील केंद्रांचे असे आकडे प्रसिद्ध करते. कोळशापासूनच्या एका युनिट विजेमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे एक संच तासभर पूर्ण क्षमतेने चालला, तर सुमारे २१० टन.

झाडे लावून भरपाई होते?

एक झाड वर्षाला २० किलो शोषते असे ढोबळमानाने धरले, तर या एका तासासाठी दहा हजारांहून अधिक झाडांना वर्ष लागेल. झाड जळाले किंवा कुजले की तो कार्बन पुन्हा हवेत. कांद्यासारख्या हंगामी पिकाने शोषलेला कार्बनही खाण्यात-कुजण्यात लवकरच परततो. त्यामुळे तो जमेच्या बाजूला धरत नाहीत. जंगलांतील कार्बनसाठ्याचा अंदाज भारतीय वन सर्वेक्षण संस्था नमुना भूखंड आणि उपग्रहचित्रांवरून देते.

मग पडताळणी कशी?

हवेतील प्रमाण आणि वाऱ्याची दिशा यांवरून उलट गणित मांडून. गोव्यातील काब द रामा येथे १९९३ पासून हवेचे नमुने घेतले गेले. पुण्याच्या आयआयटीएमने सिंहगडावर मोजणी केली. कोळशात कार्बन-१४ उरलेला नसतो, त्यामुळे चिमणीचा वाटा ओळखता येतो. नासाचा ‘ओसीओ-२’ उपग्रह २०१४ पासून वरून मोजतो. पण पावसाळ्यात, हिरवाई वाढत असताना, ढग त्याची नजर अडवतात. ती उणीव जमिनीवरील मनोरेच भरून काढू शकतात.

धोरणासाठी याचे महत्त्व काय?

उत्सर्जनाची बाजू कोळशाच्या वजनावर उभी आहे, शोषणाची बाजू अंदाजावर. हा अंदाज फुगला, तर कागदावर शून्य दिसेल आणि हवेत कार्बन वाढतच राहील. म्हणून ‘इतकी झाडे लावली’ हे उत्तर पुरेसे नाही. त्यांतली किती जगली आणि त्यांनी किती कार्बन धरून ठेवला, हे मोजल्याशिवाय ती चिमणीच्या खात्यातून वजा करता येणार नाहीत.