गव्हाची कोठी आणि वायफाय

तर झालं असं. गेल्या जूनमधल्या एका रविवारी आईचा फोन आला. पाऊस, पेरणी, शेजारच्यांचं लग्न वगैरे झाल्यावर ती सहज बोलून गेली, "अण्णा हल्ली गाणं लावीतच नाहीत."

"का? बिघडलंय का?"

"काय माहीत. म्हणतात, लावलं की अडकतंय, मग पोराला फोन करावा लागतो. त्याला तिकडं कामं असतात."

मी गप्प. कारण ते गाणं लावायचं यंत्र मीच बसवलं होतं. मोठ्या कौतुकानं.

आमचं गाव जवळा बाजार. औंढा नागनाथ तालुका, हिंगोली जिल्हा. (१ मे १९९९ ला जिल्हा वेगळा झाला, पण रेडिओ अजून परभणीचाच लागतो.) अण्णा शाळेत शिक्षक होते. सकाळी आकाशवाणी परभणी, मग कॅसेट, मग पेपर, हा त्यांचा क्रम मी लहानपणापासून बघत आलोय. कपाटात साठ-सत्तर कॅसेटी. भीमसेन जोशींचे अभंग, गीतरामायण, रेडिओवरून टेप केलेली कीर्तनं. आणि एका कॅसेटवर गावच्या सप्ताहात गायलेला आजोबांचा आवाज. आजोबा जाऊन आता वीस वर्षं झाली.

कॅसेटी जुन्या झाल्या, फिती चिकटायला लागल्या. म्हणून दोन वर्षांच्या सुट्ट्या खर्च करून मी त्या सगळ्या संगणकात उतरवल्या. ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहीत असेल, नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वद मिनिटंच लागतात, तिथे कुठलाही प्रोसेसर कामाला येत नाही. मग मागच्या दिवाळीत घरी 'सिस्टीम' बसवली. बैठकीतल्या राउटरला हार्ड डिस्क, आतल्या खोलीत जुन्या ॲम्प्लिफायरला जोडलेला एक रास्पबेरी पाय, आणि अण्णांच्या फोनवर ॲप. बोट लावा, आजोबा गातील. अण्णा खूश, मी त्याहून खूश. पुण्याला परत येताना रेल्वेत मला आपण फार मोठे इंजिनिअर असल्यासारखं वाटत होतं.

एप्रिलपर्यंत सगळं ठीक चाललं. मग फोन सुरू झाले.

"अरे, ते गाणं मधीच अडकायलंय. दोन ओळी म्हणतंय अन् गप."

मग मी इथून फोनवर, "अण्णा, निळा दिवा लुकलुकतोय का स्थिर आहे?" ते तिकडून, "कोणता निळा?" अशी अर्ध्या-अर्ध्या तासाची सत्रं. ऑफिसात ग्राहकाशी बोलताना मी इतका संयम ठेवतो, की मॅनेजर उदाहरण देतो. वडिलांशी बोलताना तो संयम कुठे जातो कोण जाणे.

एका रात्री मी इथूनच लॉगिन करून वायफायचा चॅनेल ६ वरून ११ केला, बफर वाढवला आणि सॉफ्टवेअरही अद्ययावत करून टाकलं. तिन्ही एकदम! नव्या माणसानं असं केलं तर आम्ही त्याला कोपऱ्यात घेऊन समजावतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर काय बदलल्यानं काय झालं ते कळत नाही. झालंही तसंच. अडकणं तसंच राहिलं, वर नव्या आवृत्तीत यादीची मांडणी बदलली आणि अण्णांना अभंगाचा फोल्डर सापडेना. त्यानंतर त्यांचे फोन बंद झाले. मला वाटलं, चला, सुटला प्रश्न.

तो सुटला नव्हता. अण्णांनी गाणं लावणं सोडलं होतं.

पुढच्या शुक्रवारी रात्री नांदेडची गाडी पकडली. सकाळी परभणीला उतरून हिंगोलीच्या एसटीनं गावात. चहा झाला आणि कामाला लागलो. इथे थोडं तांत्रिक सांगतो, कारण अशा सिस्टीम आता बऱ्याच जणांच्या घरी आहेत.

पहिली गोष्ट, गाणं अडकणं आणि आवाज वाईट येणं हे दोन वेगळे आजार आहेत. सीडीच्या दर्जाचं गाणं म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा, डावा-उजवा मिळून दोन. गुणाकार केला तर सेकंदाला १४,११,२०० बिट. फ्लॅकमध्ये दाबलं की साधारण त्याच्या निम्मे. आजच्या कुठल्याही राउटरला हे ओझं नाही. आणि जे बिट जातात ते टीसीपीनं जातात. एखादं पाकीट हरवलं तर ते परत मागवलं जातं. त्यामुळे या मार्गानं गाणं एकतर जसंच्या तसं पोचतं, नाहीतर वेळेत न पोचल्यामुळे थांबतं. मधलं काही नाही. नेटवर्कमुळे आवाज 'पातळ' झाला, तबला 'कोरडा' वाटतो, असं कुणी सांगून तुम्हाला पंचवीस हजारांचा 'खास संगीतासाठीचा' स्विच विकत असेल, तर पैसे खिशात ठेवा आणि घरी या.

दुसरी गोष्ट, रस्ता अर्ध्यावर तोडून बघायचा. आमच्याकडचा रस्ता असा: डिस्क, राउटर, वायफाय, पाय, ॲम्प्लिफायर, स्पीकर. मी एक गाणं पायच्या स्वतःच्या कार्डावर टाकलं आणि तिथून वाजवलं. पूर्ण वाजलं, एकदाही न अडकता. म्हणजे पाय ते स्पीकर निर्दोष. मग पायवरून राउटरला पिंग केलं. एक उत्तर ४ मिलिसेकंदांत, पुढचं ९०० मध्ये, त्यापुढची दोन गायबच. मग पाय उचलून बैठकीत राउटरशेजारी ठेवला, तर सगळी उत्तरं ३-४ मिलिसेकंदांत. म्हणजे चोर वायफायच्या वाटेत. पण भिंती त्याच, राउटर तोच, दिवाळीत तर सगळं चालत होतं!

मी माजघरात लॅपटॉप घेऊन सिग्नल मोजत उभा. आई गहू काढायला आली. म्हणाली, "बाजूला सरक जरा." मी सरकलो. तिनं झाकण उघडलं आणि म्हणाली, "ही कोठी हितं आणल्यापासूनच असं व्हायलंय बघ."

कोठी! पत्र्याची, माझ्या छातीपर्यंत उंच, गव्हानं भरलेली कोठी. मागच्या खोलीत ओल धरली म्हणून एप्रिलमध्ये नवा गहू आल्यावर ती माजघरात आणली होती. बरोब्बर राउटर आणि पाय यांच्या मध्ये. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींची लांबी साधारण साडेबारा सेंटीमीटर. एवढ्या मोठ्या सलग पत्र्यातून त्या आरपार जात नाहीत, आदळून परत फिरतात. इकडून तिकडून भिंतींवर आपटून जे काही पोचत होतं तेवढ्यावर बिचारं गाणं चाललं होतं.

अण्णा दारातून म्हणाले, "गव्हाचा अन् गाण्याचा काय संबंध?" मी समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग एप्रिलात हिला का नाही विचारलंस?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. लॉग वाचले, ग्राफ बघितले, चॅनेल बदलले. घरात काय हललं का, हे मात्र विचारलं नाही.

दुसरा आजार नंतर सापडला. लाईट जाऊन आली की ॲपमध्ये 'गाणी ०' दिसायची. राउटरला उठायला दोन-तीन मिनिटं लागतात. पाय त्याच्या आधी जागा होतो, डिस्क शोधतो, राउटर झोपलेला म्हणून ती मिळत नाही, आणि ग्रंथालय रिकामं आहे असं समजून तो बसून राहतो. पुण्यात माझ्या टेबलावर हे एकदाही घडलं नव्हतं. माझ्या टेबलाला यूपीएस आहे. जवळा बाजारात एप्रिल-मेमध्ये लाईट किती वेळा जाते ते मला माहीत असायला हवं होतं. मी तिथेच वाढलोय.

आता माझं मत सांगतो. आपण लोक (म्हणजे सुट्टीला घरी जाऊन आई-बाबांना काहीतरी 'स्मार्ट' बसवून देणारे) घरात येणारी वस्तू चुकीच्या कसोटीवर पारखतो. आवाज कसा आहे, ॲप किती सुंदर आहे, किती लाख गाणी आहेत, हेच बघतो. मला वाटतं खरी कसोटी एकच, बिघडलं तर त्या घरात राहणाऱ्या माणसाला ते पुन्हा चालू करता येतं का? कॅसेट अडकली तर अण्णा पेन्सिल घालून फिरवायचे. हेड खराब झालं तर कापसाला स्पिरिट लावून पुसायचे. त्यांना टेपरेकॉर्डर कळत होता. मी दिलेल्या यंत्रात आवाज जास्त स्वच्छ होता, पण बिघाड राउटर, वायफाय, डिस्कचा मार्ग अशा न दिसणाऱ्या जागी नेऊन ठेवला होता. त्या जागांची किल्ली फक्त माझ्याकडे. स्वतःच्या वडिलांचा आवाज ऐकायला अण्णांना मुलाची परवानगी लागावी, तसंच झालं हे. आणि आपल्याकडच्या वडीलमंडळींचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. ते तक्रार करत नाहीत, वापरणं सोडून देतात.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, फोनवर फुकटचं ॲप आहे की. आहे, आणि बऱ्याच घरांत तेवढंच पुरेसं आहे. पण त्यात आजोबा नाहीत. शिवाय दुसऱ्याच्या दुकानातली गाणी दुकान असेपर्यंतच. फ्लिपकार्टनं २०१२ मध्ये 'फ्लाइट' नावाचं गाण्यांचं दुकान उघडलं आणि २०१३ मध्ये बंद केलं. ज्यांनी फाइली उतरवून घेतल्या होत्या त्यांचीच गाणी राहिली. गूगल प्ले म्युझिक २०२० मध्ये बंद झालं. उलट उदाहरणही आहे. नेटवर्कवरून गाणी वाजवणारा 'स्क्वीझबॉक्स' हा डबा लॉजिटेकनं २०१२ मध्ये बंद केला, त्यामागची ऑनलाइन सेवाही २०२४ मध्ये थांबली. पण त्याचं सर्व्हर सॉफ्टवेअर खुलं होतं, घरच्या संगणकावर चालत होतं. ते आजही 'लिरियन' या नावानं चालू आहे आणि ज्यांच्याकडे ते जुने डबे आहेत त्यांचे डबे वाजतायत. अण्णांच्या पायवर मी तेच टाकलंय. कंपनी गेली तरी चालेल, ही सोय तिथे आहे. मुलगा पुण्यात असला तरी चालेल, ही सोय मात्र मी करायची होती.

त्या रविवारी केली. डिस्क राउटरवरून काढून थेट पायला लावली, तिला वेगळा वीजपुरवठा दिला. आता गाणं वाजायला वायफाय लागतच नाही, फोनवरून निवडायचं असेल तरच लागतं. कार्ड 'फक्त वाचा' असं करून ठेवलं, म्हणजे लाईट अचानक गेली तरी आतलं खराब होणार नाही. चार बटणांचा एक छोटा रिमोट लावला: चालू, थांब, पुढचं, मागचं. यंत्र सुरू झालं की मागच्या वेळी थांबलं होतं तिथून आपोआप वाजतं. आणि जुना टेपरेकॉर्डर ॲम्प्लिफायरला पुन्हा जोडला. मग वहीच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर चिकटवलं:

१. गाणं लागत नसेल तर काळ्या डबीचं बटण बंद करा, दहा आकडे मोजा, चालू करा.
२. दोन मिनिटं थांबा.
३. तरी नाही लागलं तर ॲम्प्लिफायरचा खटका 'टेप'वर करून कॅसेट लावा.

अण्णांनी चष्मा लावून कागद वाचला, 'ॲम्प्लिफायर'मधली माझी शुद्धलेखनाची चूक लाल पेनानं दुरुस्त केली आणि बटण बंद करून, दहा मोजून, चालू करून पाहिलं. दोनदा. मी हात मागे बांधून उभा होतो. (फार अवघड असतं हो ते.)

कोठी होती तिथेच आहे. आईनं हलवू दिली नाही, आणि आता हलवायची गरजही नाही.

परवा अण्णांचा फोन आला. सोयाबीनचा भाव, एका नातेवाईकाचं ऑपरेशन, माझा पीएफ. गाण्याचा विषयच नाही. मागे मात्र आजोबांचा आवाज चालू होता, सप्ताहातल्या टाळांसकट. मध्येच ते म्हणाले, "थांब, लाईट गेली." मी काही बोललो नाही. "आली की लावीन," म्हणाले आणि पुन्हा पीएफवर आले.

असो. दिवाळीला घरी जाल तेव्हा नवीन काही बसवण्याआधी, मागच्या वेळी बसवलेलं कुणी वापरतंय का ते आधी बघा. आणि वापरत नसतील तर राउटरकडे जाण्याआधी आईला विचारा, घरात काय काय हललंय ते.