पिस्तूल उघडले आणि आत काहीतरी खुळखुळले

नवे पिस्तूल घरी आले की पहिले काम गोळी झाडण्याचे नसते, ते उघडून पुसण्याचे असते. गंज चढू नये म्हणून कारखान्याने आत तेल चोपडलेले असते, चाचणीच्या गोळ्यांची काजळी राहिलेली असते, एखाद्या खाचेत धातूचा बारीक कीस अडकलेला असतो. मालक टेबलावर जुना टॉवेल पसरतो. मॅगझिन काढतो, चेंबर रिकामे असल्याची डोळ्यांनी आणि वर बोट घालून खात्री करतो, पुस्तिका उघडून एकेक भाग सुटा करत जातो. उरलेला सांगाडा उचलला की आतून ‘खुळ्’ असा आवाज येतो. काहीतरी लोंबकळते आहे. दुकानदाराने सदोष माल गळ्यात मारला, की आपल्याच हातून काही मोडले?

बहुतेक वेळा दोन्ही शंका चुकीच्या निघतात. पिस्तुलाच्या पोटात काही भाग सैल असतात, कारण ते सैल असावेत अशीच रचना असते. खोट असते ती सांगण्यात. कोणता भाग हलला पाहिजे आणि कोणता हलता कामा नये, हे विकत घेणाऱ्याला कुणी धडपणे सांगितलेले नसते.

अमेरिकेतल्या रुगर कंपनीचे .22 पिस्तूल हे याचे ठळक उदाहरण. विल्यम रुगर आणि अलेक्झांडर स्टर्म यांनी 1949 मध्ये कनेक्टिकटमधल्या साउथपोर्टला ते बाजारात आणले. किंमत साडेसदतीस डॉलर. स्वस्त, अचूक आणि दणकट, त्यामुळे ते हातोहात खपले. मात्र त्याला दुसरीही एक कीर्ती चिकटली: उघडायला अवघड आणि जोडायला त्याहून अवघड. मार्क वन, मार्क टू, मार्क थ्री अशा पिढ्या आल्या, तरी ही कीर्ती सुटली नाही.

त्या कटकटीचे मूळ एका छोट्या पोलादी दांडीत आहे. ती घोड्याला मागच्या बाजूने खिळीवर झुलती बसवलेली असते. पिस्तूल जोडलेले असताना तिचे टोक मुठीच्या मागच्या भागातल्या स्प्रिंगवर टेकते. घोडा मागे गेला की दांडी स्प्रिंग दाबते आणि त्या दाबातूनच घोड्याला फटक्याचे बळ मिळते. पिस्तूल उघडले की स्प्रिंगचा आधार जातो आणि दांडी मोकळी लोंबकळते. नव्या मालकाला ऐकू येणारा खुळखुळाट बऱ्याचदा तिचाच. जोडताना पिस्तूल ठराविक कोनात तिरके धरायचे, म्हणजे दांडी आपल्या वजनाने बरोबर जागी पडते. कोन चुकला तर ती आतल्या आडव्या पिनेला अडकते. मग पिस्तूल बंदच होत नाही, नाहीतर बंद होते पण काडतुसामागचा सरकता बोल्ट पुरता मागे येत नाही. मार्क थ्रीमध्ये तर मॅगझिन काढले की चाप चालू नये अशी सोय केली, त्यामुळे जोडणीच्या मध्येच रिकामे मॅगझिन घाला, काढा, पुन्हा घाला अशी कवायत वाढली. शिवाय नवे पिस्तूल इतके घट्ट बसवलेले असते की नळीचा भाग सांगाड्यावरून सरकवायला मऊ हातोडीचे टोले द्यावे लागतात. आयुष्यात पहिल्यांदाच पिस्तूल उघडणाऱ्याने आधी त्यावर हातोडी उगारायची आणि मग आतला खुळखुळाट निमूट ऐकून घ्यायचा!

2016 मध्ये मार्क फोर आले. मागच्या बाजूचे एक बटण दाबले की वरचा भाग पुढच्या बिजागरीवर डब्याच्या झाकणासारखा उघडतो आणि बोल्ट हातात येतो. घोडा आणि दांडी जागच्या जागी राहतात. एवढ्या सोयीला कंपनीला 67 वर्षे लागली. या काळात गिऱ्हाइकांचा गोंधळ कंपनीला माहीत नव्हता असे म्हणवत नाही. पिस्तूल खपत होते, म्हणून बदलाची निकड वाटली नाही, एवढाच त्याचा अर्थ निघतो. पुढे 2017 मध्ये याच मार्क फोरच्या सेफ्टीत दोष आढळला आणि विकलेली पिस्तुले दुरुस्तीसाठी परत बोलवावी लागली. तेव्हा कंपनीने नेमके काय घडू शकते, कोणती पिस्तुले वापरू नयेत आणि ती कुठे पाठवावीत हे साध्या शब्दांत जाहीर केले. धोक्याच्या वेळी जी भाषा जमते, ती रोजच्या साफसफाईच्या पानावर का जमू नये?

सैलपणा नेहमी हलगर्जीतून येतो असेही नाही. जॉन ब्राउनिंगचे 1911 सालचे पिस्तूल अमेरिकी लष्कराने अनेक दशके वापरले. जुने लष्करी पिस्तूल कानाशी धरून हलवले तर ते चक्क खडखडते. भागांमधली ही ढील चिखल-वाळूतही पिस्तूल अडकू नये म्हणून उपयोगी पडते. ते उघडले की नळीच्या बुडाशी लोलकासारखी झुलणारी एक कडी दिसते. ती झुलते म्हणूनच गोळी सुटल्यावर नळीची मागची बाजू खाली उतरते आणि स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मोकळी होते. ही कडी सैल आहे म्हणून कुणी ती घट्ट करायला गेला तर पिस्तूल चालणारच नाही. याच पिस्तुलाच्या डाव्या अंगावर पुष्कळदा एक कमानदार चरा आढळतो. स्लाइड अडवणारी खिटी परत बसवताना ती घसरली की तो उमटतो. अमेरिकी शौकीन त्याला ‘इडियट स्क्रॅच’ म्हणतात, म्हणजे वेडपटाचा ओरखडा. रचनेतली अडचण वापरणाऱ्याच्या माथी मारण्याची ही जुनीच खोड.

ऑस्ट्रियाच्या लष्करासाठी 1980च्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या ग्लॉकची गोष्ट वेगळी. ते काही सेकंदांत उघडते आणि मोजके भाग हातात येतात. कारखान्याने स्लाइडवर लावलेले तांब्याच्या रंगाचे वंगण पुसू नका, असेही कंपनी सांगते. हे माहीत नसलेला नवा मालक त्यालाच मळ समजून घासून काढतो. त्याहून गंभीर मुद्दा पुढे आहे. ग्लॉक उघडण्याआधी चाप दाबावाच लागतो. चेंबर न तपासता तो दाबला की गोळी सुटते आणि असे अपघात अमेरिकेत पोलिसांच्या हातूनही घडले आहेत. स्मिथ अँड वेसनने 2005 मध्ये एम अँड पी पिस्तूल आणताना चाप न दाबता उघडण्याची तजवीज केली. शहाणपण शिकवण्याबरोबर रचनाही बदलता येते, हे त्यातून दिसले.

‘मग उघडूच नका, कारागिराकडे द्या’, असा सल्ला काही जण देतील. आतल्या बारीक पिना, सिअर (घोडा अडवून धरणारा भाग), फायरिंग पिन यांबाबत तो योग्यच आहे. पण साध्या सफाईला तो लावला तर पिस्तूल घाणच राहील. .22 च्या काडतुसातली मेणचट काजळी थोड्याच फैरींत साचते. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018च्या आशियाई स्पर्धेत ज्या 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण मिळवले, त्यातही .22 चेच काडतूस असते. त्या पातळीवरच्या नेमबाजांना शस्त्राची निगा सरावाइतकीच महत्त्वाची. बिघाड किती महागात पडतो हे टोकियो ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरच्या बाबतीत सगळ्यांनी पाहिले. पात्रता फेरीतच पिस्तुलाने दगा दिला, दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि 575 गुणांवर ती बाराव्या स्थानी राहिली.

महाराष्ट्रातल्या परवानाधारकांना यात काही अडचणी जास्तीच्या आहेत. कोकणातल्या पावसाळ्यात कपाटातले लोखंड न पुसता चार महिने टिकत नाही. निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात जमा केलेले शस्त्र परत मिळाल्यावर उघडून पाहिलेले बरे. आणि सफाईत एखादी स्प्रिंग उडून पलंगाखाली गेली तर ती हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही. 1959च्या शस्त्र कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे भागही शस्त्रांतच मोडतात. दुरुस्तीचा धंदा करणाऱ्यालाही परवाना लागतो.

एनसीसीत गेलेल्यांना ‘खोलना-जोडना’ हे शब्द आठवत असतील. रायफल उघडायची, काढलेला प्रत्येक भाग सतरंजीवर क्रमाने ठेवायचा, पुल-थ्रूच्या दोरीला चिंधी अडकवून नळीतून ओढायची आणि उलट्या क्रमाने सगळे जोडायचे. शेजारी उस्ताद उभा असतो. शाळा-कॉलेजातल्या मुलांना ही सोय मिळते. पिस्तूल विकत घेणारा प्रौढ माणूस मात्र बारीक अक्षरातली पुस्तिका घेऊन घरी जातो. 2016च्या शस्त्र नियमांत प्रशिक्षणाची अट आहे, शस्त्राची निगा हा विषयही त्यात येतो. पण ते प्रशिक्षण एका पिस्तुलावर आणि खरेदी दुसऱ्याच मॉडेलची झाली, तर लोंबकळणाऱ्या दांडीची ओळख होणार कुठून?

म्हणून उपाय काउंटरवरच हवा. प्रत्येक मॉडेलसोबत मराठीत एक पान द्यावे, त्यावर मोठे चित्र आणि तीन रकाने असावेत: कोणते भाग हलले पाहिजेत, कोणते हलता कामा नयेत आणि कुठून पुढे कारागिराखेरीज कुणी हात घालू नये. रिकामे पिस्तूल दुकानातच गिऱ्हाइकाकडून दोनदा उघडून-जोडून घ्यावे. पहिल्या वेळी विक्रेत्याने बोट धरून दाखवावे. दुसऱ्या वेळी त्याने हात मागे बांधून नुसते पाहावे आणि आतली दांडी खुळखुळली तर ती का खुळखुळते, हे गिऱ्हाइकालाच विचारावे.