दानाला पगारवाढीची वाट कशाला?

नोकरीच्या शोधात असलेल्या तरुणांपुढे परवा बदलापुरात एक गृहस्थ बोलून गेले. त्यांचा पूर्वपक्ष थोडक्यात असा: उमेदीच्या वयात मोकळा वेळ मागणं म्हणजे आळस. जास्तीत जास्त पगाराची नोकरी धरा, ती कितीही लांब असो. समाजासाठी काही करायचंच असेल तर वाढलेल्या पगारातून देणगी द्या. स्वतः झाडू हातात घेणं, गरिबाच्या मुलाला शिकवणं हा महागड्या तासांचा अपव्यय आहे. शेवटी त्यांनी तुकोबांचा दाखला दिला आणि टाळ्या घेतल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत माझ्या ओळखीची मुलं होती, म्हणून हे उत्तर.

तुकोबांचं आधी मिटवू. धन चांगल्या मार्गाने जोडावं असं तुकोबा सांगतात, हे खरंच. पण घरच्या सावकारीतली आपल्या वाट्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली, ही परंपरेने चालत आलेली हकीगत गृहस्थांनी सोयीस्कर गाळली. आधी वसुली करू, रक्कम वाढवू, मग दानधर्माचं बघू, असं तुकोबांनी म्हटलं नाही.

आता तासाच्या किमतीचा मुद्दा. हा हिशेब मांडणाऱ्याने बदलापूरची सकाळची लोकल कधी पकडलेली दिसत नाही. इथून सीएसएमटी 68 किलोमीटर. गाडीतच दीड तास जातो, त्याच्या अलीकडे रिक्षाची रांग आणि पलीकडे बस. उल्हासनगर-अंबरनाथची माणसं तर बसायला मिळावं म्हणून आधी डाऊन गाडीने बदलापूरला येतात आणि तीच गाडी धरून उलट मुंबईकडे निघतात. ज्यांना हे जमत नाही ते चौथ्या सीटवर अर्धं अंग टेकवतात, नाहीतर दारात लटकतात. या वेळाचा पगार कोणी देत नाही.

समजा, अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत 40 हजारांची नोकरी आहे आणि मुंबईत 60 हजारांची. काम आणि जाणं-येणं धरून इथे रोज 9 तास, तिथे 13. महिन्याचे 25 दिवस धरले तर इथे 225 तास होतात, तिथे 325. म्हणजे 20 हजार जास्त मिळतात ते 100 तास जास्त देऊन. त्यातून पास, शेअर रिक्षा, बाहेरचं खाणं, पाळणाघराचे वाढीव तास यांचे 6 हजार वजा करा. उरले 14 हजार, म्हणजे तासाला 140 रुपये. इथल्या नोकरीत तोच माणूस तासाला जवळजवळ 178 रुपये मिळवत होता. ज्या तासांना गृहस्थ महागडे म्हणतात, तेच तास ते पोरांना स्वस्तात विकायला सांगत आहेत!

बरं, त्या 14 हजारांतून दान किती होतं? पगार वाढला की बँक मोठं कर्ज देते, वन बीएचकेचा टू बीएचके होतो आणि 20 वर्षांचा हप्ता मागे लागतो. दान पुढच्या इन्क्रिमेंटवर ढकललं जातं, मग त्याच्या पुढच्या. रात्री साडेनऊला दार उघडणाऱ्याला शेजारचे काका दवाखान्यात आहेत हे रविवारी कळतं.

बाकीचे मुद्दे एकेका ओळीचे. देणगीवर कर वाचतो म्हणाल, तर नव्या करप्रणालीत कलम 80 जीची वजावटच नाही. पैसे दिले की कामाला माणसं मिळतात म्हणाल, तर पैसे घेऊन रक्त देण्यावर देशात 1 जानेवारी 1998 पासून बंदी आहे. तिथे श्रीमंतालाही स्वतःचीच बाही वर करावी लागते.

हा वाद नवा नाही. आमच्या सोसायटीत पूर्वी नाला साफ करायला श्रमदान व्हायचं. एका हिशेबी सभासदाने सुचवलं, ज्याला जमत नाही त्याने 200 रुपये भरावेत. पुढच्या वर्षी जवळपास सगळ्यांनी पैसे भरले, घमेलं उचलायला मोजकी म्हातारी माणसं उरली, आणि नाला पावसाळ्यात तुंबायचा तो तुंबलाच. तेव्हाही मी भांडलो होतो, आजही तेच भांडतो आहे.

मग करायचं काय? आपल्याच परिसरात पाहा. 17 एप्रिल 2021 रोजी वांगणी स्टेशनवर दृष्टिहीन आईबरोबर चालणारं मूल रुळांवर पडलं. समोरून उद्यान एक्सप्रेस येत होती. पॉइंट्समन मयूर शेळके रुळांवरून धावत गेले, मुलाला फलाटावर चढवलं आणि स्वतःही कसेबसे वर आले. रेल्वेने त्यांना 50 हजारांचं बक्षीस दिलं, तर त्यातली अर्धी रक्कम त्यांनी त्या माय-लेकरासाठी जाहीर केली. मोठ्या पगाराची वाट त्यांनी पाहिली नाही. 27 जुलै 2019 च्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस हजारावर प्रवाशांसह अडकली, तेव्हा एनडीआरएफ आणि नौदलाच्या बरोबरीने चामटोलीचे गावकरी धावले, कारण ते गावातच होते. बदलापूरच्या ‘ग्रंथसखा’ वाचनालयातली दुर्मिळ मराठी पुस्तकं श्याम जोशी यांनी वर्षानुवर्षं पदरचा वेळ घालून जमवली.

ज्याचा हप्ता थकला आहे किंवा घरात आजारपण आहे, त्याने लांबची नोकरी जरूर धरावी. त्याला उपदेश करायचा मला अधिकार नाही. पण ज्याचं घर नीट चालतं, त्याने दोन गोष्टी आजच ठरवाव्यात. आहे त्या पगारातला ठरावीक वाटा पहिल्या तारखेलाच बाजूला काढायचा. आणि आठवड्यातली एक संध्याकाळ गावासाठी राखायची. ती संध्याकाळ खाणारी पगारवाढ नाकारण्यात कसलाही कमीपणा नाही. 40 हजारांत ज्याचा हात सुटत नाही, त्याचा 60 हजारांतही सुटणार नाही.